एक ताव कमी

नोटांच्या प्रेसमध्ये मी एकतीस वर्षं ताव तपासले.
उचलायचा, उजेडाकडे धरायचा,
धागा आहे, छाप आहे, आकडा सरळ आहे,
पुढचा.
सुटताना फाटकाशी दोन्ही हात वर.
शिपाई सरलाबाई काखेतून, कमरेवरून, अंबाड्यातून हात फिरवायची
आणि फिरवता फिरवता विचारायची, आज डब्यात काय होतं गं.
मला दिवस गेलेले तिला माझ्या नवऱ्याच्या आधी कळले.

आता जेल रोडला, दुसऱ्या मजल्यावर.
समोरच्या खांबावर कॅमेरा बसवलाय, कुंभमेळ्यासाठी म्हणे.
कुंभ तिकडे रामकुंडावर,
आणि याचं तोंड माझ्या वाळत घातलेल्या परकरांकडे.
विचारायला गेले तर म्हणाले, काकू, तो अजून जोडलेलाच नाही.
मग रात्री हलतो कसा?

स्वप्नं तेव्हापासूनची.

द्राक्षांचा मांडव, मोहाडीकडचा असावा.
घड लोंबताहेत, मणी मिटलेले.
बायका कात्रीनं विरळणी करताहेत,
जो मणी उघडत नाही तो कापायचा.
माझ्या हातातला घड एकदम पापण्या उचलतो.
मुकादम खालून म्हणतो, निर्यातीचा माल आहे, लाजू नका.

मग गोदाघाट. दुतोंड्या मारुती छातीपर्यंत बुडालेला.
एक तोंड इकडे, एक तिकडे, ते ठीक, लहानपणापासूनचं.
पण पाण्याखाली त्याला तिसरं फुटतं
आणि माझा पीएफचा नंबर पुटपुटायला लागतं,
शेवटचे चार आकडे चुकीचे.
मी पुलावरून ओरडून दुरुस्त करते.
का केली मी दुरुस्ती?

आणि त्र्यंबकला. उपाध्यायांनी लाल फडक्यातली वही सोडली.
खापरपणजोबा, पणजोबा, कोण कधी आलं, कोणाचे दिवस घालायला आलं.
माझ्या नावाखाली शाई ओली:
पहाटे तीन दहा. उठली. पाणी प्यायली. पडदा दोन बोटं सरकवला.
मी म्हटलं, गुरुजी, हे तर आजचं.
ते म्हणाले, बाई, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या लिहितोच आहोत. दक्षिणा ठेवा.

मोबाइल मी रात्री तांदळाच्या डब्यात पुरते.
रंगनाथराव हसतात. म्हणतात, आपल्याकडे कोण बघतंय?
बघण्यासारखं आहे काय आपल्यात?
हेही मला रात्री आठवतं.

खरी घडलेली गोष्ट एकच.
एका दिवाळीआधी एक ताव कमी भरला.
फाटकं बंद. आम्ही चौतीस बाया, रात्री साडेअकरापर्यंत,
घरी मुलगी तापलेली.
ताव सापडला, दुसऱ्या तावाला चिकटून बसला होता.
माफी कोणी मागितली नाही, चहा दिला.
तोवर त्या पाच तासांत माझी खात्री पटली होती
की तो मीच घेतलाय.
कुठे ठेवला, तेवढंच आठवत नव्हतं.

काल स्वप्नात मी तो ताव होते.
कोणीतरी मला उजेडाकडे धरलं.
चेहरा दिसला नाही, अंगठ्याची थुंकी तेवढी गार लागली.
धागा होता. आकडा सरळ होता.
तरी तो बघत राहिला, आणि मी मनात म्हणत होते,
काढ ना एखादी खोट, काढ आणि सुटू दे मला.
तो म्हणाला, पुढची.

रविवारी सातपूरला लेकीकडे गेले होते.
निघताना उंबऱ्याशी माझे हात आपोआप वर गेले.
लेकीनं पाहिलं, आणि चप्पल शोधायला लागली.
नात धावत आली, तिला खेळ वाटला.
काखेत गुदगुल्या, कमरेत गुदगुल्या,
मग पदराची गाठ सोडून तिनं बसचं तिकीट काढलं,
द्वारका ते सातपूर, चुरगळलेलं,
आणि ट्यूबलाइटखाली जाऊन
एक डोळा मिटून
उजेडाकडे धरलं.